थंड टाकीत राहिलेली बॅच

मृत्यू माणसाला शुद्ध करतो. त्याच्यातलं क्षुद्र, तात्पुरतं असं सगळं वाहून जातं आणि मागं उरतो तो निव्वळ सत्त्वांश.

हे वाक्य माझं नाही, आक्का. तुझ्या शोकसभेच्या अध्यक्षांचं आहे आणि ते उच्चारताना त्यांनी डोळे मिटले होते. मी पहिल्या रांगेत होतो. घरच्या माणसांना तिथंच बसवतात, म्हणजे त्यांना उठून जाता येत नाही. शेजारी तू असतीस तर माझ्या कानाशी वाकून म्हणाली असतीस, "किती टक्के, विचार की रं. आणि टेस्ट कुणी केली?"

मी विचारलं नाही. टेस्ट करणारी तूच होतीस, आणि तू स्टेजवर हार घालून बसली होतीस. फोटोत तू कुणावर तरी चिडलेली दिसत होतीस. फोटोग्राफरवर चिडली होतीस, मला आठवतं. त्यानं तुला हनुवटी वर करायला सांगितली होती.

दुसऱ्या वक्त्यांनी तुझ्या औषधांमुळं किती जीव वाचले ते सांगितलं. तू आयुष्यात औषध केलं नाहीस; तू पपईच्या चिकातलं एन्झाइम, पपेन, काढायचीस. तिसऱ्यांनी बाईंच्या पपईला सीमा नव्हती, अशी सुरुवात केली आणि ते सीमाप्रश्नाकडे वळले. तुझा सगळा चीक निपाणीजवळच्या एकाच शेतातून यायचा, आणि तो शेतकरी पपई सोडून कशावरच बोलत नसे. मी उठलो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "कुठं निघालात?"

"पिरनवाडीला. नळ्यांचं पाणी बघायचं आहे."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुःखात माणसं काहीही बोलतात, हे त्यांना माहीत असावं.

पण पाणी खरंच बघायचं होतं. ज्या सकाळी तू उठली नाहीस, त्याच्या आदल्या संध्याकाळी तू पिरनवाडीच्या शेडमध्ये बॅच अर्धी करून आली होतीस. पपईचा चीक पाण्यात विरघळवून, कापडातून गाळून, थंड टाकीत ठेवलेला. निम्मा धुऊन झालेला, निम्मा राहिलेला. आणि मशीनमध्ये तुझ्या त्या नळ्या, ज्यांना तू मेंब्रेन म्हणायचीस आणि शेडवरचा तुझा मदतनीस मल्लाप्पा मेंबरान. शेवयांच्या जुडीसारख्या पोकळ, पांढऱ्या, एका पाइपात कोंबलेल्या. त्या एकदा वाळल्या की मेल्या, हे तू मला इतक्यांदा सांगितलं होतंस की माझं स्वतःचं ब्लडप्रेशर मला तितकं पाठ नाही.

आपला पहिला वाद या नळ्यांवरूनच झाला होता. मी नुकताच कॉलेजातून रिटायर झालो होतो. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला रिटायर झाल्यावर कुणी काही विचारत नाही, कारण त्याच्याकडे असलेली सगळी माहिती जुनी असते. मी घरात बसून वर्तमानपत्रातल्या चुका काढत होतो. तू एक दिवस म्हणालीस, "शेडवर बसायला ये. सोबत हुईल." मला वाटलं तुला मदत पाहिजे. पुढं कळलं की तुला मदत अजिबात नको होती. मी हात लावला की मल्लाप्पा ते पुन्हा करायचा. तरी रोज सकाळी स्कूटर बाहेर काढून तू हॉर्न वाजवायचीस. हे कशासाठी, ते तू बोलली नाहीस आणि मीही विचारलं नाही. आपल्या घरात बहीणभाऊ एकमेकांचे आभार मानत नाहीत. मानले तर आधी कुणाची तब्येत बिघडली ते विचारतात.

तर तू मला मशीन समजावून सांगत होतीस. चिकात एन्झाइम असतं, मोठं असतं, नळीच्या भिंतीतून पलीकडे जाऊ शकत नाही. मीठ, साखर, रंग, वास हे सगळं बारीक, ते पाण्याबरोबर भिंतीतून बाहेर जातं. आत उरतं ते आपलं.

मी म्हणालो, "हे उलटंच आहे. गाळणं म्हणजे खाली पडतं ते घ्यायचं, वरचं टाकायचं. चहा बघ."

"चहा नको बघू. तांदूळ बघ. पाणी घालतोस, गढूळ पाणी ओततोस, परत घालतोस. तांदूळ कुठं जातोय काय? पाणी निवळ येस्तवर धुवायचं. एवढंच करतो आम्ही, फक्त भांडं महाग हाय."

"तांदूळ दोनदा धुतले तरी भात होतो."

"व्हय. तुझ्यासारखा."

हे तू इतक्या सहज म्हणालीस की मल्लाप्पानं तोंड फिरवून हसू आवरलं. पण मी मुद्दा सोडला नाही, आणि तो शेवटपर्यंत सुटला नाही. कारण तुझं मोठं गिऱ्हाईक गोव्याचं, आणि त्याला तुझं पपेन हवं होतं ते मटण मऊ करायच्या पावडरीत घालायला. त्यानं जेवढी शुद्धता मागितली होती, तेवढी बॅच दुपारच्या जेवणापर्यंत तयार व्हायची. तू ती संध्याकाळपर्यंत धूत बसायचीस. पलीकडून येणारं पाणी आधी पिवळट, मग फिकट, मग नळाच्या पाण्यासारखं व्हायचं. पाण्यात किती मीठ उरलं ते दाखवणारा मीटर खाली खाली यायचा. गिऱ्हाईकाची रेघ केव्हाच मागं पडलेली असायची आणि तू स्टुलावर बसून नळीतून थेंब थेंब येणारं पाणी बघत असायचीस.

"मटणाला काय कळतंय, आक्का?"

"मटणाला न्हाय कळत."

"मग?"

"मला कळतंय न्हवं."

हे काही उत्तर झालं नाही, असं मी म्हणायचो. तू म्हणायचीस, इतिहासवाल्यांना सगळ्याचं कारण लागतंय, कारण त्यांच्यासमोर काही घडत न्हाय. शाकाहारी बाईनं गोव्यातल्या मटणासाठी एवढं व्रत धरावं, हे मला विनोदी वाटायचं. तुलाही वाटायचं. पण म्हणून तू एक बादली पाणी कमी केलं नाहीस.

आणि घाईही केली नाहीस. हे मला सगळ्यात जास्त छळायचं. बाजूला व्हॉल्व्ह होता, तो आवळला की दाब वाढून पाणी जोरात बाहेर यायचं. एकदा तू चहा घ्यायला गेलीस तेव्हा मी तो आवळला. क्षणभर मोठी धार लागली. मग धार बारीक झाली, मग थेंबांवर आली. तू कप हातात घेऊन परत आलीस, मशीनचा आवाज ऐकून दारातूनच म्हणालीस, "रेटू नको रं. आडवं जाऊ दे." रेटलं की एन्झाइम नळीच्या भिंतीवर जाऊन थापलं जातं, साय धरल्यासारखं, आणि वाट बंद होते. भिंतीला घासत आडवं वाहत राहिलं की भिंत साफ राहते, आणि जायचं ते आपोआप जातं. एवढं सांगून तू व्हॉल्व्ह सैल केलास आणि मला एका शब्दानंही बोलली नाहीस. मी यातून आयुष्याबद्दल काहीतरी निष्कर्ष काढायला लागलो तेव्हा मात्र बोललीस. "नळीचं नळीत ठेव," म्हणालीस.

तेव्हा नळीचं नळीतच ठेवतो. पण तुझ्या हातांचं सांगायला हरकत नसावी. पपईचा चीक कातडी खातो. ग्लोव्हज घालूनही तो कुठूनतरी आत जायचाच, आणि घाई असली की तू ग्लोव्हज काढून टाकायचीस. ती घाई तुला चालायची. वर्षानुवर्षं चीक हाताळून तुझ्या बोटांची टोकं नव्या साबणासारखी गुळगुळीत झाली होती. सरकारी ऑफिसात अंगठा लावायला गेलो तेव्हा तो उमटेना. तू अंगठा पुसलास, फुंकर मारलीस, साडीला घासलास. खिडकीतली मुलगी, येत नाही म्हणून, कानडीत सांगत राहिली, "बरवल्दु, मेडम." मग दुसरं बोट, तिसरं बोट. मशीनच्या लेखी तू कुणीच नव्हतीस. मागच्या रांगेतला माणूस हळहळला, "वय झालं की जातंय हो." तू वळून त्याला म्हणालीस, "वय न्हाय. पपई." तो बाजूला सरकला.

गेल्या महिन्यात तुझ्या कपाटातून शाल काढताना मला तुझा चष्मा सापडला. काचेवर बोटाचा ठसा होता. ठशात एकही रेघ नव्हती, नुसता एक धुरकट गोल. तो तुझाच, हे सांगायला मला मशीन लागलं नाही. काच अजून पुसलेली नाही.

शोकसभेतून मी पिरनवाडीला पोचलो तेव्हा शेडच्या दारात मल्लाप्पा उभा होता. त्याच्या हातात झेंडूचा हार होता आणि फडकं होतं. ते फडकं बघून मला खंडेनवमी आठवली.

तुलाही आठवत असेल. मशीन नवीन होतं, आणि पिरनवाडीपासून उद्यमबागेपर्यंत प्रत्येक शेडमध्ये लेथला, कंप्रेसरला, वजनकाट्याला हळदकुंकू लागलेलं. मल्लाप्पा म्हणाला, आमच्या मशीननं काय पाप केलंय? तू हो म्हणालीस आणि बाजारात गेलीस. त्यानं भक्तिभावानं मशीन आतून बाहेरून धुतलं, सगळं पाणी काढून टाकलं, आणि देवासमोर ओलं कशाला म्हणून गरम हवेचा पंप लावून नळ्या खडखडीत वाळवल्या. मग कुंकू लावलं, हार घातला, दारात कोहळा फोडला. तू परत आलीस, पाइपाला हात लावलास आणि थांबलीस. आम्ही दोघंही तुझ्या तोंडाकडे बघत होतो. तू शांतपणे उदबत्ती ओवाळलीस, नमस्कार केलास, पेढा खाल्लास. मग म्हणालीस, "पूजा झ्याक झाली, मल्लाप्पा. ज्याची केलास, तो गेला."

तेव्हापासून खंडेनवमीला आपल्याकडे नळ्या काढून औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या आणि कुंकू बादलीला लावायचं. शेजारच्या फौंड्रीचे मालक एकदा दर्शनाला आले आणि बादलीसमोर हात जोडून बराच वेळ उभे राहिले. ही कुठली देवता, ते विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

"मल्लाप्पा," मी ओरडलो, "वाळवलंस की काय?"

"न्हाय ओ सर. येडा हाय काय मी? ह्यो हार आक्काच्या खुर्चीला. पाणी रोज बदलतोय." मग त्याचा आवाज उतरला. "पण टाकीतल्या मालाचं काय करायचं?"

चुलत घराण्यातल्या आप्पांचा निरोप सकाळीच आला होता: सुतक आहे, दहा दिवस शेडला कुलूप. अग्नी मी दिला होता, म्हणजे सगळ्यात कडक सुतक मलाच. पण पपेनचं काम प्रथिनं तोडणं, आणि ते स्वतःही एक प्रथिनच आहे. थंडीत ते हळू होतं, थांबत नाही. दुसरं काही मिळालं नाही की स्वतःलाच खायला लागतं. दहा दिवसांनी टाकीत तुझी बॅच नसती, पिवळं पाणी असतं. आणि त्या टाकीत जे होतं, ते तुझ्या हातानं घातलेलं शेवटचं होतं. त्या चिकात तू हात घातला होतास, ग्लोव्हज नेहमीप्रमाणे खुंटीवर होते.

मी आप्पांना फोन केला. ते म्हणाले, "सुतकात कारखाना? लोक काय म्हणतील?"

"कारखाना नाही, आप्पा. थोडं धुणं राहिलंय तिचं."

मग ते म्हणाले, "धुण्याला चालतंय."

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू केलं. पंपाचा आवाज आला तेव्हा मी सवयीनं स्टुलाकडे बघितलं. स्टूल रिकामं होतं आणि मल्लाप्पानं खुर्ची सोडून हार स्टुलालाच घातला होता. मी तो काढून खिडकीत ठेवला आणि बसलो. कुणीतरी बसायला हवं होतं.

पाणी पिवळट आलं. दुपारपर्यंत फिकट झालं. मल्लाप्पानं मीटर बघितला, गोव्याच्या गिऱ्हाईकाची रेघ गाठली होती. तो म्हणाला, "सर, एवढं बास हाय त्येला."

इतकी वर्षं मी जे म्हणत आलो, तेच तो म्हणत होता. मी म्हणालो, "चालू दे."

"आक्काचं म्हणून?"

मी टाकीत आणखी पाणी ओतलं. तासाभरानं त्याला कंटाळा आला. "मग व्हॉल्व्ह तरी जरा आवळू द्या की. लवकर हुतंय."

"रेटू नको रं."

मी हे बोललो ते माझ्या आवाजात, पण सूर तुझा होता. 'रं' शेवटी थोडा लांबवलेला. मल्लाप्पानं व्हॉल्व्हवरचा हात काढला. बाहेर जाऊन त्यानं बराच वेळ तोंड धुतलं.

आक्का, तू जिंकलीस असं समजू नकोस. मला शुद्धतेशी काही देणंघेणं नव्हतं. गोव्याच्या मटणाशी तर नव्हतंच. मी पाणी घालत राहिलो कारण बॅच संपली की तुझ्या हातचं काहीही अर्धवट उरणार नव्हतं, आणि अर्धवट आहे तोवर तू चहाला गेलीस असं म्हणता येत होतं. दारातून कप घेऊन येशील. मशीनचा आवाज ऐकशील. मी काय चूक केली ते दारातूनच सांगशील. संध्याकाळ होईपर्यंत मी दाराकडे पाठ करून बसलो होतो, मुद्दाम.

त्या शेवटच्या रात्री जेवताना मी तुला पुन्हा तेच विचारलं होतं. मटणाला काय कळतंय. तू ताटातला भात गोळा करत होतीस. म्हणालीस, "उद्या शेडवर चल. सांगतो." हे तू वाद टाळायला म्हणायचीस, नेहमीच. पण त्या वेळी तू किंचित हसली होतीस, जणू या खेपेला खरंच काहीतरी सांगणार होतीस. सकाळी मी दोन कप चहा केला, गाळला, आणि तुला उठवायला आलो.

तू काय सांगणार होतीस? स्टुलावर बसून मी बरेच पर्याय तपासले. तू शुद्धतेची भक्त होतीस, हे शोकसभेचं उत्तर. ते मी बाद केलं. तुला ते शांत थेंब बघायला आवडायचे, हे शक्य आहे. आणि एक तिसरं सुचलं, ते सांगतो, हसू नकोस. घरी लवकर गेलो असतो तर मी वर्तमानपत्र उघडून बसलो असतो, तू तुझ्या खोलीत. बॅच चालू असायची तोवर आपण भांडत बसायचो. रिटायर भावाला संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवायचं, तर काहीतरी धूत राहायला हवं. हे खरं असेल तर तू कितीतरी बॅचा माझ्यासाठी धुतल्यास, आणि मी प्रत्येक वेळी विचारलं की एवढं कशाला. खरं नसेल तर मला कळवू नकोस.

मीटर पार खाली आला आणि हलेना. पाणी निवळ होतं. काही केल्या आणखी निवळ होईना. मी तरी एक बादली घातली. मग मल्लाप्पानं हळूच पंप बंद केला.

आम्ही टेस्ट घेतली. दूध थिजायला किती वेळ लागतो, ते तू बघायचीस तसं. मल्लाप्पा घड्याळ बघत होता आणि मी परीक्षानळी तिरकी करत होतो. पहिल्यांदाच त्यानं माझ्या हातातून काही काढून घेतलं नाही. दूध आमच्या अंदाजाच्या कितीतरी आधी थिजलं. तुझ्या सगळ्या बॅचांत ही सगळ्यात जोरकस असावी. मल्लाप्पा म्हणाला, "आक्कानं बघायला पायजे होतं." मग नळ्या धुऊन औषधाच्या पाण्यात बुडवल्या. त्यानं खिडकीतला हार काढून बादलीला घातला. या वेळी मी तो काढला नाही.

दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा लगेच आला. भटजी म्हणाले, इच्छा काही राहिली नव्हती बाईंची. आप्पांनी समाधानानं मान हलवली. मागं उभा असलेला मल्लाप्पा माझ्या कानात पुटपुटला, "बॅच निघाली म्हणून आलाय, सर." यावर माझ्याकडे ऐतिहासिक आक्षेप बरेच होते. एकही आठवला नाही.

आता मी आठवड्यातून एकदा पिरनवाडीला जातो आणि बादलीतलं पाणी बदलतो. पुढं शेडचं काय करायचं, ते ठरलेलं नाही. निपाणीच्या शेतकऱ्याचा फोन येतो. फळं धरली आहेत, चीक काढू काय, विचारतो. मी त्याला अजून नाही म्हणालेलो नाही. स्कूटरही मीच चालवतो. निघताना हॉर्न वाजवतो, का ते विचारू नकोस.

बॅच वाळवून, पावडर करून, नेहमीच्या पिशव्यांत भरून गोव्याला पाठवली. काल तिथून फोन आला. त्यांनी नेहमीच्याच मापानं वापरली, आणि मटण हाडावर राहीना. पुढच्या वेळी जरा कमी शुद्ध पाठवा म्हणाले.